टोलेडो ते केज : एका जीपगाडीचं 'मूळ' शोधताना

अमेरिकन क्लासिक गाडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मसल कार येते. लांबलचक बोनेट, दोन दारं, आठ सिलिंडरचं गुरगुरणारं इंजिन आणि धूर काढणारी मागची चाकं. माझ्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांच्या लॅपटॉपवर तिचा फोटो असतो. यूट्यूबवर कुठल्याशा गोदामात तीस वर्षं झाकून ठेवलेली डॉज चार्जर बाहेर काढून नवी करण्याचे तासातासाचे व्हिडिओ आहेत आणि ते मीही जेवताना पाहतो. पण हा लेख चार्जरबद्दल नाही. आमच्या बीड जिल्ह्यात जी अमेरिकन गाडी खरोखर आली, राबली आणि म्हातारी झाली तिच्याबद्दल आहे. त्या गाडीला आमच्याकडे कुणी क्लासिक म्हणत नाही. नुसतं 'जीपगाडी' म्हणतात.

गेली दोन वर्षं मी आणि माझे काका मिळून घरची एक जुनी जीप दुरुस्त करतोय. काम तसं फार नव्हतं, कारण गाडी नीट ठेवलेली होती. अडचण वेगळीच निघाली. गाडी 'मूळ रूपात' आणायची असं आम्ही ठरवलं आणि मूळ रूप म्हणजे कोणतं, यावर अडलो. त्याचं उत्तर शोधताना मला बराच इतिहास वाचावा लागला. तो इथे मांडतो.

मसल कार इथे का आली नाही?

आधी त्या झगमगत्या बहिणीची गोष्ट थोडक्यात. १९६४ साली जनरल मोटर्समध्ये नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून मोठं इंजिन घालायचं नाही. पॉन्टियाक विभागातल्या जॉन डिलोरिअन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पळवाट काढली. नवी गाडी काढलीच नाही. असलेल्या टेम्पेस्ट गाडीवर जादा पैसे देऊन घेण्याचा पर्याय म्हणून ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन देऊ केलं आणि त्याला जीटीओ नाव दिलं. किमान ३२५ अश्वशक्तीची ही गाडी तरुणांनी उचलून धरली आणि बाकीच्या कंपन्या मागे धावल्या. १९७० पर्यंत शेवरलेच्या शेव्हेल गाडीत ४५४ घनइंचांचं, ४५० अश्वशक्तीचं इंजिन मिळू लागलं. मग विम्याचे हप्ते चढले, धुराचे कायदे कडक झाले, १९७३ मध्ये तेलसंकट आलं आणि दहा वर्षांच्या आत हा खेळ आटोपला.

या गाड्या भारतात विक्रीला आल्या नाहीत, त्याचं कारण त्यांच्या जन्माच्या आधीच घडून गेलं होतं. एके काळी मुंबई हे अमेरिकन गाड्यांचं शहर होतं. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. फोर्डही मुंबईत गाड्या जोडत होती. शेजारच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, क्रायस्लरशी करार केला आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. पण १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली की पेट्यांतून सुटे भाग आणून नुसते जोडणाऱ्यांना इथे जागा नको. ज्यांची भारतातच भाग बनवण्याची योजना आहे त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली आणि पुढे फिएटकडे वळली. पेट्रोल महाग, रस्ते अरुंद, परकीय चलन मोजकं. अशा देशात मोठ्या अमेरिकन गाड्या नंतर आल्या त्या बहुतेक वकिलातींच्या वापरून झालेल्या. त्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात आणि सिनेमातल्या मंडळींकडे जात. हिंदी सिनेमातली इम्पाला ती हीच.

म्हणजे अमेरिकेत मसल कार जन्मली तेव्हा भारताचं दार तिच्यासाठी बंद झालेलं होतं. मात्र त्या दारातून एक अमेरिकन गाडी आधीच आत येऊन बसली होती.

युद्धातून शेताकडे

१९४० साली अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकं ओढणारी टेहळणीची गाडी हवी होती आणि तिचा पहिला नमुना त्यांनी ४९ दिवसांत मागितला. अमेरिकन बँटम या छोट्या कंपनीसाठी कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी गाडी मुदतीत पोचवली. पण बँटमची ऐपत लहान. शेवटी मोठं कंत्राट ओहायो राज्यातल्या टोलेडोच्या विलीज-ओव्हरलँडला गेलं. तिथल्या बार्नी रूसने सुधारलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन हे त्यामागचं मुख्य कारण होतं. जोडीला फोर्डलाही तोच आराखडा बनवायला दिला. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

जीपचा जन्मदाता कोण हा वाद तेव्हापासूनचा आहे. आराखडा एकाचा, इंजिन दुसऱ्याचं, आणि पुढची ठोकून काढलेल्या पत्र्याची ओळखीची जाळी फोर्डची. पहिल्या दिवसापासून ही गाडी तीन हातांची आहे. पुढे 'मूळ' या शब्दाशी झटापट करताना मला हे वारंवार आठवलं.

युद्धानंतर विलीजने ती नागरिकांसाठी काढली, तीही मुख्यतः शेतकऱ्यांना समोर ठेवून. नांगर ओढा, पट्टा लावून यंत्र चालवा, रविवारी चर्चला जा. १९५३ मध्ये सीजे-३बी हे मॉडेल आलं. त्यातलं हरिकेन इंजिन २.२ लिटरचं, सुमारे ७५ अश्वशक्तीचं. त्याची रचना गमतीची आहे. हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर टाकणारा खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बोनेटही उंच करावं लागलं. अमेरिकेत काहींना ही कपाळ वर आलेली गाडी कुरूप वाटली. आपल्याला मात्र जीप म्हणजे हेच तोंड माहीत आहे, कारण भारतात आली आणि टिकली ती हीच.

तिला इथे आणणाऱ्यांची गोष्टही फाळणीतून गेलेली आहे. युद्धकाळात के. सी. महिंद्र अमेरिकेत भारत सरकारच्या खरेदी मोहिमेचे प्रमुख होते. १९४५ मध्ये त्यांनी, भाऊ जे. सी. महिंद्र यांनी आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी काढली. दोन वर्षांत देश फुटला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. माझगावला विलीजच्या पेट्या उघडून जीप जोडल्या जाऊ लागल्या आणि पन्नासच्या दशकात हळूहळू तिचे भाग इथेच बनू लागले. टॅरिफ कमिशनच्या चाळणीतून ती पार झाली ती यामुळे. टोलेडोमध्ये सीजे-३बी १९६८ मध्ये थांबली. आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतर कित्येक वर्षं बनत राहिले.

दुरुस्त केलेल्या जीपशी स्वतंत्र भारताची एक कडू आठवणही जोडलेली आहे. १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईसाठी लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला ठेवून सुमारे ८० लाख रुपयांचा सौदा केला, तो जुन्या पण दुरुस्त करून देण्याच्या जीपगाड्यांचा. १५५ गाड्या आल्या आणि त्या लष्कराच्या उपयोगाच्या नाहीत असं ठरलं. संसदेत गदारोळ झाला आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. नीट दुरुस्त केली म्हणजे नेमकं काय केलं, हे कागदावर न लिहिण्याची किंमत या देशाने अगदी सुरुवातीलाच मोजली आहे.

धुरळा दिसला की

बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर भारतात आलं, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. परळीला निजामाच्या काळातच रेल्वे आली होती, पण बीड शहरात पहिली गाडी शिरायला २०२५ साल उजाडलं. मधली सगळी वर्षं जिल्ह्याने चाकांवर काढली. बैलगाडी, एसटी, ट्रक आणि जीप.

जीप आली ती सरकारची म्हणून. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास योजना सुरू झाली. ५५ प्रकल्प, अमेरिकेची मदत आणि प्रत्येक गटाला एक विकास अधिकारी. या अधिकाऱ्याबरोबर जीप इतकी चिकटली की खेड्यात विकास दिसायच्या आधी जीप दिसायची. मग मलेरियावाले आले, १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. बालाघाटच्या डोंगरातल्या वाड्या-तांड्यांपर्यंत सरकारचं तोंड म्हणून पोचली ती ही उंच बोनेटची गाडी. ते तोंड टोलेडोत घडलेलं आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि असायचं कारणही नव्हतं.

माझ्या आजीला मी विचारलं होतं, की आजी, तू जीप पहिल्यांदा कधी पाहिलीस? ती म्हणाली, "दुष्काळात." म्हणजे १९७२. ती तेव्हा बावीस-तेवीस वर्षांची, खडी फोडायला जायची. "सायब यायचा हजरी बघाया. लांबून धुरळा दिसला की मुकादम वरडायचा, उठा गं, हात चालवा. मंग आम्ही हातुडी उचलायचो. जीप गेली की धुरळा आमच्याच तोंडात." मी विचारलं, राग यायचा का? तर म्हणाली, "राग कशाचा? ती आली म्हंजी पगार हुणार. न्हाई आली की काळजी."

जुन्या गाड्यांबद्दलच्या लिखाणात हा धुरळा सहसा नसतो. तिथे असते ती आत बसलेल्याची आठवण. आमच्या जिल्ह्यात जीपच्या आत बसणारे थोडे आणि बाहेर उभे असणारे फार होते. पुढे ती पुढाऱ्यांची झाली, निवडणुकीत झेंडे लावून फिरली, तिचीच लांब भावंडं काळी-पिवळी म्हणून मागच्या पायरीवर माणसं लटकवत धावू लागली. तेव्हा कुठे साधा माणूस तिच्यात शिरला, तोही दाटीवाटीने. या गाडीचा इतिहास सांगायचा तर दोन्ही बाजूंनी सांगायला हवा.

आरसी बुक नावाचा दस्तऐवज

आमची जीप केज तालुक्यातल्या आमच्या गावात आहे. पहिली नोंदणी १९६९ ची, एका सरकारी खात्याच्या नावाने. १९८० मध्ये ती लिलावात निघाली आणि आजोबांनी घेतली. आजोबा श्रीमंत नव्हते. विहिरींवरची किर्लोस्कर ऑइल इंजिनं दुरुस्त करत गावोगाव सायकलवर फिरायचे. लिलावात बाकीच्यांना भंगार दिसलं, त्यांना इंजिन दिसलं. आठ वर्षांपूर्वी जी गाडी दिसली की हातोडी उचलायची, तीच जीप नवऱ्याने दारात आणून उभी केल्यावर आजी कितीतरी दिवस पुढच्या सीटवर बसली नाही, असं काका सांगतात. मागेच बसायची.

आरसी बुक हे मला फार आवडलेलं वाचन आहे. माझं रोजचं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी यंत्रणा असते आणि दहा वर्षांपूर्वीचा कोड हातात आला की आधी ती नोंद वाचायची असते. न वाचता 'स्वच्छ' करायला गेलं की चालू असलेलं बंद पडतं. आमच्या जीपचं आरसी बुक तसंच आहे. १९६९ : मालक सरकार, इंधन पेट्रोल. १९८० : मालक आजोबा. १९८५ : इंधन पेट्रोलऐवजी डिझेल, इंजिन नंबर बदलला. शाई पुसट, शिक्के वाकडे, पण एकही पान गहाळ नाही.

१९८५ च्या नोंदीमागे १९७३ आहे. ज्या तेलसंकटाने अमेरिकेत मसल कार संपवली, त्याच महागाईने आपल्याकडे जीपचं पेट्रोल इंजिन संपवलं. कंपनीनेच डिझेल जीप काढल्या आणि ज्यांच्याकडे जुन्या पेट्रोल गाड्या होत्या त्यांनी गॅरेजात डिझेल इंजिनं बसवून घेतली. आजोबांनी मॅटाडोरचं जुनं डिझेल इंजिन आणलं. ते बसेना, म्हणून चेसिसवरचे माउंटिंग कापून नवे वेल्ड केले, गिअरबॉक्सला जोडणारी पट्टी लेथवर करून घेतली आणि बॅटरीची जागा हलवली. काढलेलं हरिकेन इंजिन विकलं नाही. ग्रीस माखून, गोणपाटात गुंडाळून माळवदाच्या घरातल्या बळदात ठेवून दिलं. दरवर्षी पोळ्याच्या आसपास ते उघडून स्पार्क प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडायचे आणि हँडलने चार वेढे फिरवायचे. आजोबा २०१६ मध्ये गेले. त्यानंतर हे काम काकांनी चालू ठेवलं.

आणि गाडी तरी काय काय करत होती! विहिरीतली मोटर वर ओढायला ती, लग्नाचं सामान आणायला ती, रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात न्यायला ती. गावातल्या निदान चार जणांचा जन्म वेळेत झाला तो या डिझेल इंजिनामुळे, असं आजी हिशेबाने सांगते. त्यातले दोघं आज माझ्यापेक्षा मोठे आहेत.

कोणत्या दिवशीचं मूळ?

आता मुद्द्याची अडचण. २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केला. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, जी मूळ रूपात आहे आणि जिच्या चेसिसमध्ये, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नाही, ती 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत आणि नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच.

आमची गाडी वयाने बसते. मूळ इंजिनही बळदात आहे, आणि १९६९ च्या नोंदीशी त्याचा नंबर जुळतो. अमेरिकेत मसल कारच्या बाजारात नंबर जुळणाऱ्या इंजिनाला केवढा भाव येतो हे मला माहीत होतं. मी काकांपुढे बेत मांडला : डिझेल काढू, हरिकेन बसवू, आजोबांनी वेल्ड केलेले माउंटिंग कापून चेसिस पहिल्यासारखी करू. काका म्हणाले, "म्हणजे तुझा आजा पुसून टाकायचा?"

त्यांनी हे रागाने म्हटलं नव्हतं. ते पान्याने नट सैल करत होते, तसेच करत राहिले. पण मला त्याचं उत्तर देता येईना.

मग मी गाडीचा रंग खरवडून पाहिला. डाव्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात नाण्याएवढी जागा पॉलिश पेपरने उतरत्या थरांत घासली. वर क्रीम, हा आजोबांनी मारलेला. त्याखाली पोपटी, हाही त्यांचाच, आधीचा. त्याखाली सरकारी करडा. तळाशी रेड ऑक्साइड आणि मग पत्रा. मूळ म्हणजे करडा म्हणायचा? मग ती सरकारी साहेबाची जीप होते, आजीच्या तोंडात धुरळा उडवणारी. क्रीम म्हणायचा? मग ती अंबाजोगाईला बाळंतिणी नेणारी होते. आणि सगळ्यात आधीचं म्हणायचं तर ही गाडी टोलेडोची नक्कल आहे, जिची जाळी फोर्डची आणि आराखडा बँटमचा.

हा प्रश्न जुन्या इमारती जपणाऱ्यांना आधी पडला होता. १९६४ मध्ये, म्हणजे जीटीओ बाजारात आली त्याच वर्षी, व्हेनिसमध्ये जगभरचे वास्तुतज्ज्ञ जमले आणि त्यांनी एक सनद केली. तिच्यातली दोन तत्त्वं साधी आहेत. जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनरुज्जीवन थांबवावं. आणि वास्तूत वेगवेगळ्या काळांनी घातलेली अर्थपूर्ण भर मानाने राखावी. सगळं एकाच काळाचं दिसावं म्हणून मधलं पाडू नये. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तूरिन सनद केली, तिने हाच विचार गाड्यांना लावला. गाडी तिच्या वापरासकट जपा, आणि नवं जे घालाल ते नोंदवून ठेवा, असा तिचा रोख आहे.

मसल कारच्या जगात मात्र बहुतेकदा उलटं होतं. तिथे एकच दिवस पवित्र असतो, गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो. त्यानंतर जे जे झालं ते सगळं खोडायचं. त्यांचं चुकतं असं मला म्हणायचं नाही. त्या गाड्यांचं आयुष्यच थोडं होतं. चार उन्हाळे पळाल्या आणि गोदामात गेल्या. शिवाय तिकडे जुन्या गाड्यांचे हुबेहूब नवे भाग कॅटलॉगमधून मागवता येतात. आपल्या जीपचं खरं आयुष्य दुरुस्तीतच गेलं. तिला मायापुरीच्या भंगारातले, डबवालीच्या जीपबाजारातले, आणि ते न मिळाल्यास बीडच्या लेथवर करून घेतलेले भाग लागले. तिच्या बाबतीत दुरुस्ती हाच इतिहास आहे, आणि नियमातल्या 'मोठा फेरफार नको' या अटीत तोच बसत नाही. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा संस्थानिकांच्या मोटारी असाव्यात.

'मूळ कुणाचं' या वादाला एक ताजं टोकही आहे. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत मिशिगनमध्ये रॉक्सर नावाची गाडी जोडायला सुरुवात केली. ती सीजेच्याच वंशातली. विलीज ते कैसर, कैसर ते अमेरिकन मोटर्स, तिथून क्रायस्लर आणि मग फिएट क्रायस्लर, असा जीपचा वारसा फिरत गेला होता. गंमत म्हणजे यातल्या अमेरिकन मोटर्सने १९७० मध्ये जीप विकत घेतली तेव्हा तीच कंपनी जॅव्हलिन आणि एएमएक्स या मसल कारही बनवत होती. म्हणजे काही वर्षं दोघी खरंच एका घरच्या बहिणी होत्या. फिएट क्रायस्लरने तक्रार केली की रॉक्सर आमच्या जीपसारखी दिसते. २०२० मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने त्यांचं म्हणणं मान्य केलं आणि महिंद्राला गाडीचं तोंड बदलावं लागलं. सत्तर वर्षं या तोंडाला आपलं मानणाऱ्या देशाला, ते तुमचं नाही असं सांगितलं गेलं. कायद्याने ते बरोबर असेल. पण हे तोंड टोलेडोत बंद झाल्यावर जिवंत कुणी ठेवलं, हा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही.

आम्ही काय केलं

व्हिंटेज नोंदणी घेतली नाही. डिझेल इंजिन गाडीतच ठेवलं. रिंग-पिस्टन बदलले, हेड फेस करून घेतलं, ऑइल सील नवी घातली. ब्रेकच्या नळ्या आणि सगळं वायरिंग नवं केलं, कारण तिथे जुनेपणा जपणं म्हणजे जीवाशी खेळ. पाट्यांचे बुश आणि पिना बदलल्या. पाट्यांना पुन्हा कमान दिली. मागच्या बाजूला सडलेला पत्रा हातभर कापून नवा टाकला आणि आतल्या बाजूने त्यावर तारीख कोरली. आजोबांच्या हातची वेल्डिंग तपासली. दोन ठिकाणी चीर होती तिथे वरून पट्टी मारली, बाकीची आहे तशी आहे. ती सुबक नाही. चाळीस वर्षं धरून आहे.

रंग क्रीमच राहिला. मी खरवडलेली नाण्याएवढी जागा मात्र झाकली नाही. तिच्यावर पारदर्शक लॅकर मारलं. जवळ जाऊन पाहिलं तर चारही थर दिसतात.

हरिकेन इंजिनासाठी लोखंडी अँगलचा स्टँड करून घेतला आणि ते बळदातून बाहेर काढून ढाळजेत ठेवलं. कार्बुरेटर साफ केला, पॉइंट घासले, बाटलीतून पेट्रोल दिलं. तिसऱ्या प्रयत्नाला ते सुरू झालं. तो आवाज माझ्या ओळखीचा नव्हता, मऊ होता. आजी आतून बाहेर आली आणि म्हणाली, "सायबाची गाडी." चाळीस वर्षांत तिने तो आवाज ऐकला नव्हता.

हा निर्णय सगळ्यांना पटला नाही. पुण्याच्या एका संग्राहकाने मूळ इंजिनासह गाडीला चांगली किंमत देऊ केली होती. कोरी करडी जीप पुढच्या पिढ्यांना एका काळाचा स्वच्छ नमुना दाखवू शकली असती, हा त्याचा मुद्दाही चुकीचा नाही. संग्रहालयात तशी एक जीप असायलाच हवी. पण ती आमचीच कशाला? आमची गाडी शेतात जाऊ शकते, आणि शेतात जाते म्हणून ती काकांच्या हातात आहे. ती प्रदर्शनाची झाली असती तर दर पोळ्याला तिच्या इंजिनात ऑइल सोडायची आठवण कुणाला राहिली असती?

एक गोष्ट मात्र खटकत राहते. एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या थेट मोडीत जातात. धूर आणि सुरक्षितता पाहता त्याला कारणं आहेत. पण त्यामुळे १९८० मध्ये आमच्या घरी जे घडलं ते आता घडू शकणार नाही. साहेबाची गाडी लिलावात निघेल, सायकलवरचा एक मेकॅनिक ती घेईल आणि खडी फोडणाऱ्या बाईच्या दारात उभी करेल, हा रस्ता बंद झाला आहे. ज्या काही जीप त्या रस्त्याने खेड्यांत आल्या त्या आता मोजक्या उरल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांची आरसी बुकंही. कुणाच्या घरी असं पुस्तक असेल तर ते गाडीच्या आधी जपा. त्याचे फोटो काढून ठेवा, आणि कोणता बदल कुणी, कशासाठी केला हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून तारखेसह लिहून काढा.

आम्ही शंभर पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर आजीचं सांगणं तिच्याच शब्दांत आहे. त्यानंतर आजोबांच्या दुरुस्त्या, काकांना आठवतील तशा, आणि मग गेल्या दोन वर्षांचा प्रत्येक भाग, त्याची किंमत आणि तो बसवणाऱ्याचं नाव. आरसी बुकच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ती मावत नाही, म्हणून सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत ठेवली आहे. पानं बरीच कोरी आहेत.